तळ्याचा रस्ता

केतीला आमच्या गावात मीच आणलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वर्षभर माझा नवरा ओड्वार मला हेच ऐकवत होता. "अगं टोरिल, आमंत्रण तूच धाडलंस, आता पाहुणी किती घास खाते ते का मोजतेस?"

आमचं गाव नॉर्वेच्या उत्तरेला, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, तोंडाशी. लोकवस्ती दोन हजारांच्या आत. तिथला पालिकेचा युवा क्लब मी अकरा वर्षं चालवत होते. तेरा ते सतरा वयाची मुलं शाळा सुटल्यावर येतात. शुक्रवारी मी वाफल करते, बाकीचे दिवस मुलं पत्ते खेळतात, भांडतात, सोफ्यावर लोळतात. परदेशातला एखादा तरुण स्वयंसेवक वर्षभर आला तर मुलांना बाहेरचं जग दिसेल, असं मलाच वाटलं. चाळीस पानी अर्ज मीच भरला आणि सप्टेंबरात जॉर्जियाहून केतेवान आली. वय चोवीस, लांब काळे केस, आणि नॉर्वेजियन भाषेचे मोजून तीस शब्द.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी तिची केती केली. आयविंद नावाचा एक वात्रट मुलगा आहे, त्यानं तिला आमच्या बोलीतल्या शिव्या शिकवल्या आणि त्या सकाळच्या शुभेच्छा आहेत असं सांगितलं. केती त्या शुभेच्छा पाद्रीबाईंना देऊन आली. मला कळलं तेव्हा मी आयविंदला झापायला गेले, तर केतीच पोट धरून हसत होती.

"टोरिल, पाद्रीबाईंनी पण मला तेच परत म्हटलं," ती म्हणाली.

मुलं जमिनीवर लोळली. मी पण हसले. पण आत कुठंतरी बारीक काटा रुतला, तो त्याच दिवशी.

मग तिनं एका शुक्रवारी खाचापुरी केली. चीज भरलेली जाड पोळी, मध्ये अंडं. मुलांनी बोटं चाटली. पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखे वाफल केले, वर तपकिरी चीज, जॅम. आयविंद येऊन ताटलीत डोकावला आणि म्हणाला, "आज केतीची पोळी नाही?" त्या दिवशी सोळा वाफल उरले. मी ते घरी नेले. ओड्वारनं चार खाल्ले, मग म्हणाला, "त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

खरंच काही नव्हतं. ती वेळेवर यायची, भांडी घासायची, मला विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायची नाही. तिच्यात खोट सापडली असती तर मला केवढं बरं वाटलं असतं.

पण खरं दुखणं होतं सुनिवाचं. सुनिवा पंधरा वर्षांची. तिचे आईवडील वेगळे झाले, वडील दक्षिणेला बर्गनला निघून गेले, तेव्हापासून ही मुलगी क्लबात येऊन डोक्यावर जाकिटाचं टोपडं ओढून कोपऱ्यात बसायची. मी तिला काही विचारलं नाही. विणकाम घेऊन शेजारी बसायचे. आठ महिन्यांनी ती पहिलं वाक्य बोलली. दोन वर्षांनी मला अधूनमधून घरचं सांगायला लागली. कुणी पाखरू हातावर बसवावं तसं मी ते केलं होतं, आणि कुणापाशी बोलले नव्हते, तरी मनात त्याचा अभिमान होता.

केतीला तीन आठवडे लागले. नोव्हेंबरात एके दिवशी मी आत आले तर सुनिवाचं टोपडं मागे पडलेलं, केती तिच्या केसांच्या वेण्या घालत होती, आणि सुनिवा बडबडत होती. मला बघून ती हसली. तेही मला सहन झालं नाही. डिसेंबरात केती सहज म्हणाली, "सुनिवा उन्हाळ्यानंतर बाबांकडे राहायला जाणार ना, मला फार वाईट वाटतंय." मला ठाऊकच नव्हतं.

"हो, माहीत आहे मला," मी म्हटलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

फेब्रुवारीत हिवाळी सुट्टी असते. तेव्हा मी दरवर्षी मुलांना डोंगरातल्या लाकडी झोपडीत दोन दिवस नेते. या वर्षी आठ मुलं होती. गाडीरस्त्यापासून झोपडीला जायला दोन वाटा आहेत. एक गोठलेल्या तळ्यावरून, सपाट, दोन किलोमीटर. दुसरी डोंगराच्या खांद्यावरून, सात किलोमीटर, चढ आणि उतार. केती जन्मात कधी स्कीवर उभी राहिली नव्हती. आठवडाभर मुलांनी तिला शाळेच्या मैदानात शिकवलं होतं आणि ती सपाटीवर कशीबशी चालू शकत होती.

निघायच्या दिवशी सकाळी, गाडीतून सामान उतरवताना मी म्हटलं, "तळ्याच्या बर्फाचा यंदा भरवसा नाही. वरून जाऊ या."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी सुनिवाच्या मामानं, रोअल्डनं, आमची लाकडं आणि खाणं बर्फावरच्या स्कूटरनं झोपडीत पोचवलं होतं, आणि तो तळ्यावरूनच गेला होता. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

तिला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. ती एकदा पडावी, रडवेली व्हावी आणि मुलांनी माझ्याकडे वळून बघावं, एवढंच मला हवं होतं. अकरा वर्षांत एकदाही असं काही मनात आलं नव्हतं, आणि त्या सकाळी आलं तेव्हा मला लाजही वाटली नाही.

केती पहिल्याच चढावर पडली. मग पुन्हा पडली. मुलं हसली, पण माझ्या मनात होतं तसं नाही. आयविंद मुद्दाम तिच्या शेजारी पडला. मग दुसरा पडला. तासाभरात त्यांनी त्याचा खेळच करून टाकला, कोण जास्त वाईट पडतो. केतीच्या पापण्यांवर बर्फ, गाल लाल, आणि तोंडानं त्या पाद्रीबाईंच्या शुभेच्छा. वाटेवर सगळे तिच्याभोवती आणि मी एकटी पन्नास पावलं पुढे.

"मी पुढे होते, चूल पेटवते," मी मागे वळून ओरडले. "सुनिवा, तू सगळ्यांच्या शेवटी राहा."

गट सोडून पुढे जायचं नाही, हा नियम मीच मुलांना शिकवलेला.

मी एक वाजता झोपडीत पोचले. चूल पेटवली, काळ्या बेरींचं सरबत गरम करून ठेवलं, आणि खिडकीशी बसले. दोन वाजले. अडीच वाजले. वारा सुटला, खिडकीसमोरून बर्फाचे लोट जायला लागले. झोपडीत फोन लागत नाही. मी स्की चढवल्या आणि उलट निघाले.

तीन किलोमीटरवर, एका उताराच्या आडोशाला ती सापडली. मुलांनी बर्फात खड्डा खणून वाऱ्याकडे भिंत रचली होती. आत पाठपिशव्यांवर केती बसली होती, एक बूट काढलेला, पाय सुनिवाच्या जाकिटात गुंडाळलेला. सगळी तिला चिकटून बसली होती आणि तिच्या गावाकडचं काहीतरी गाणं म्हणत होती. मला बघितलं आणि गाणं थांबलं.

"घोटा," सुनिवा म्हणाली. "उतारावर पडली. आवाज आला. तुला फोन केला, लागला नाही, म्हणून मामाला केला. तो येतोय."

"बरं केलंस," मी म्हटलं. ती केतीच्या पायावरचं जाकीट सारखं करायला लागली.

रोअल्ड आला, मागे घसरगाडी जोडलेली. त्यानं केतीचा पाय फळीला बांधला, तिला घोंगडीत गुंडाळलं. मग स्कूटर वळवली आणि थेट खाली, तळ्याकडे निघाला. बर्फाचे लोट विरले होते, आम्ही नऊ जण वर उभे होतो. तो तळ्यावर उतरला, मधोमध गेला, सरळ रेषेत पलीकडच्या रस्त्याला लागला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वाऱ्यात आयविंदचं नाक गळत होतं, ते त्यानं हातमोज्यानं पुसलं.

"मामा काल पण तळ्यावरूनच गेला होता," सुनिवा म्हणाली. "आपलं खाणं घेऊन. तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग?"

काहीही सांगता आलं असतं. रात्रीत बर्फ बदलतो, मुलांसोबत जास्त जपावं लागतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण ती मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं. "तुमच्यासमोर ती पडावी असं मला वाटत होतं. तुम्ही सगळे तिचेच होऊन बसलात, ते मला बघवत नव्हतं."

"पण ती रोजच पडते," आयविंद म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

सुनिवाला कळलं. तिनं टोपडं डोक्यावर ओढलं, स्की चढवल्या आणि बाकीच्यांना घेऊन तळ्याकडे उतरली. मी त्यांच्या मागून, शेवटी.

घोट्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि केतीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तुला आवडत नाही ते मला माहीत होतं. मला वाटायचं माझी भाषा वाईट म्हणून. मी रोज दोन तास व्याकरण करत होते, टोरिल." तिनं तोंड भिंतीकडे केलं. "आता जा तू."

पालिकेतल्या माझ्या साहेब बेरितबाईंना मी स्वतः लेखी कळवलं. मला लेखी ताकीद मिळाली, आणि मे अखेरपर्यंत क्लबातून काढून कचेरीत बसवलं. काम काय, तर रस्त्यावरचा बर्फ न काढल्याच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या. केतीला दुसऱ्या गावात जायची मुभा होती, पण ती गेली नाही. एक शिक्षक मदतीला घेऊन, कुबड्यांवर, तिनं क्लब चालू ठेवला.

कचेरीची खिडकी नेमकी क्लबासमोर. रोज साडेतीनला मुलं आत शिरताना दिसायची. चूक माझी, शिक्षा रास्त, सगळं मान्य. तरी दारातून हसण्याचा आवाज आला की माझा जळफळाट व्हायचा. अपराधी वाटलं की माणूस सुधारतो म्हणतात. मी नुसती अपराधी होते, आणि जळतही होते. सुनिवा मला बघून रस्ता ओलांडायची.

एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा जोराचा बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सुनिवा कचेरीत येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"तक्रार नोंदवायची आहे."

मी कागद ओढला. "नाव?"

"तुला माहीत आहे."

"नियम आहे. नाव सांगावं लागतं."

"सुनिवा. क्लबच्या दारातला उतार कुणी साफ करत नाही. केतीची कुबडी काल दोनदा घसरली."

"यंत्र शाळेकडे आधी जातं. दुपारपर्यंत येईल."

"कालही हेच सांगितलं फोनवर."

"मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी कागद तसाच ठेवला, तळघरातून फावडं घेतलं आणि रस्ता ओलांडला. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवसापासून कचेरी उघडायच्या आधी, साडेसातला, मी तो उतार साफ करून खडी टाकायला लागले. कुणाला सांगितलं नाही. पण लहान गावात फावड्याचा आवाजही लपत नाही. आठव्या की नवव्या दिवशी दार उघडलं आणि केती कुबड्यांवर उभी दिसली.

"उजवीकडे थोडं राहिलंय," ती म्हणाली.

मी उजवीकडचं काढलं. ती तिथेच उभी होती. मग म्हणाली, "कॉफी केलीय. पण मी अजून रागावलेली आहे."

"बरं," मी म्हटलं.

आम्ही कॉफी प्यायलो. तिची नॉर्वेजियन आता माझ्याइतकी चांगली होती, आमच्या बोलीसकट.

जूनमध्ये मी क्लबात परतले होते. केतीला विमानतळावर सोडायला मीच गाडी घेतली, मागे सुनिवा, आयविंद आणि आणखी दोघं. तीन तासांचा रस्ता. मागची चौघं आधी रडली, मग भांडली, मग झोपली. तेव्हा मी म्हटलं, "केती, एक सांगू? ही मुलं माझ्यासाठी अशी रडतील का, असं आत्तासुद्धा माझ्या मनात आलं."

"तू कुठे जातेच नाहीस," ती म्हणाली. "मग रडतील कशी?" मग पुढे बोट दाखवलं. "गाडी हळू कर, रेनडिअर आहेत."

ते वीस मिनिटं रस्त्यावरून हलले नाहीत. मुलं उठली, खाली उतरली, आयविंद एका रेनडिअरला पाद्रीबाईंच्या शुभेच्छा देऊन आला. विमान थोडक्यात चुकायचं राहिलं.

ऑगस्टमध्ये बेरितबाईंनी विचारलं, पुन्हा स्वयंसेवक हवाय का. मी दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हटलं. सप्टेंबरात स्लोव्हेनियाचा एक मुलगा आला, उंच, सभ्य, तोंडातून शब्द न काढणारा. महिनाभर मुलांना तो अगदीच कंटाळवाणा वाटला. आणि खोटं कशाला बोलू, तो महिना मला फार बरा गेला.