संगणक खोलीबाहेरच्या चपला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर मात्र मी इथंच गप्प बसेन. तसंही मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकलं आणि त्यांचंच त्यांना परत ऐकवलं. मनातलं सांगायची ही माझी पहिलीच खेप आहे, तेव्हा थोडं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझे सुटे भाग कुठं तयार झाले ते मला आठवत नाही. माझा लाल दिवा पहिल्यांदा पेटला तो नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात, एकोणीसशे एक्याण्णव साली. दिवाकररावांनी मला घरी नेलं. त्यांच्या घरी माझं काय कौतुक होतं! कुसुमताईंनी माझ्यासाठी मखमली कापडाचं झाकण शिवलं. त्यांची छोटी यशश्री माझ्यासमोर बसून श्लोक म्हणायची, चुकली की स्वतःवरच रागवायची आणि ते रागावणंही माझ्या फितीत उतरायचं. पाहुणे आले की मला मधोमध ठेवून तेच ऐकवलं जायचं. मी अगदी फुगून जायचो.

मग घरात चकचकीत तबकड्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पोटात विसरलेले सेल पाझरले. मखमली झाकण उंदरांनी कुरतडलं. त्याबद्दल मी फार बोलत नाही, अजूनही संताप येतो.

दोन हजार तीन साली यशश्रीनंच मला खाली काढलं. ती आता विद्यापीठात संशोधन करत होती. तिचा विषय होता ई-शासन. सरकारची कामं संगणकावर आली, तर साध्या माणसाचे हेलपाटे खरंच वाचतात का, हे तिला शोधायचं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "आकडे सगळेच आणतात. तू माणसांचं बोलणं आण. पण ज्याचं बोलणं आणशील, त्याचं नाव बाहेर येता कामा नये. ती तुझी जबाबदारी." शेजारच्या एका कामगारानं सातपूरला कारखान्यात नेऊन माझा सैल झालेला पट्टा बदलला, आणि मी पुन्हा ऐकू लागलो.

आम्ही एसटीनं एका तालुक्याच्या कचेरीत जाऊ लागलो. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही आणि तिथल्या माणसांची नावंही बदलून सांगतो. शब्द दिलेला आहे. तिथं जमिनीचे सातबारा उतारे नुकतेच संगणकावर चढवले होते. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यात काय पेरलं आहे, हे सांगणारा तो कागद. पूर्वी तो हातानं लिहून मिळे, आता बटण दाबलं की मिळणार होता.

व्हरांड्याच्या टोकाला संगणकाची खोली होती. दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' त्या काळी संगणकाचा मान मोठा होता. धूळ लागली तर तो आजारी पडतो, असं सगळ्यांनाच वाटे. साहेब असोत की शिपाई, देवळात शिरावं तसे अनवाणी आत जात. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत. खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटला. माझ्यापुढे कुणी कधी चपला काढल्या नव्हत्या.

यशश्री व्हरांड्यात बसून लोकांना विचारायची, "संगणक आल्यापासून कसं वाटतं?" लोक इकडेतिकडे बघून म्हणत, "बरं हाय, लय बरं हाय." सगळ्यांचं एकच उत्तर. माझी फीत 'बरं हाय'नं भरत चालली आणि यशश्रीचा चेहरा उतरत चालला.

एक बाई मात्र काहीच बोलत नसत. मालनबाई. नाशिकजवळच त्यांचा झेंडूचा मळा होता. त्यांचे पती सावळीराम आदल्या वर्षी वारले होते. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आपलं आणि मुलींचं नाव लागावं, म्हणून मालनबाई खेपा घालत होत्या. दिरानं जमिनीवर डोळा ठेवला होता. नाव लागलं नाही, तर मळा हातचा जाणार होता. तो अर्ज होता रावजी भाऊसाहेबांच्या टेबलावर. रावजी म्हणजे तिथले कारकून. संगणक खोलीची किल्लीही त्यांच्याच हुकमात असे.

एके दुपारी मालनबाई यशश्रीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, मला सांगायचंय. पण हितं नको. माझं नाव कुठं येणार नाय ना?"

"नाही येणार. माझा शब्द," यशश्री म्हणाली.

जेवणाची सुट्टी झाली होती. रावजी घरी गेले होते. संगणक चालवणारी छाया कंत्राटावर होती, यशश्रीशी तिची गट्टी जमली होती. रावजी नसताना किल्ली तिच्याकडे असे. तिनं खोली उघडून दिली आणि ती डबा खायला मागच्या ओट्यावर गेली. यशश्रीनं आणि मालनबाईंनी सवयीनं चपला बाहेर काढल्या, आत जाऊन दार लावून घेतलं. यशश्रीनं माझं बटण दाबलं.

मालनबाईंनी एकदा देवीचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. "मशीन फक्त पाहुणे आल्यावर उघडत्यात. जिल्ह्याहून गाडी आली की चादर काढायची, हार घालायचा, दोन उतारे काढून दाखवायचे. गाडी गेली की पुन्यांदा चादर. आमी गेलो की म्हणत्यात, मशीन बंद हाय. मग रावजी भाऊसाहेब सांगत्यात, समोर माझ्या साडूचं दुकान हाय, तिथं जा. तिथं जादा पैसं मोजलं की बरोबर त्योच कागद भेटतो. आता तुमीच सांगा, बंद मशीनीतून कागद निघतो कसा?"

बराच वेळ त्या बोलत राहिल्या. माझी चाकं फिरत होती. एवढं खरं बोलणं माझ्या पोटात यापूर्वी कधी आलं नव्हतं.

इतक्यात व्हरांड्यात पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. मालनबाईंचं बोलणं तुटलं.

"ताई," त्या कुजबुजल्या, "चपला!"

यशश्रीनं मला बंद केलं, पण उशीर झाला होता. मालनबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी तो माळा ओवायच्या पिवळ्या दोऱ्यानं शिवला होता. अख्ख्या कचेरीत तशी चप्पल दुसरी नव्हती. शहरातल्या यशश्रीला वाटलं होतं, दार लावलं म्हणजे झालं. माणूस आत असला तरी त्याची ओळख दाराबाहेर पडलेली असते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मालनबाई, आत काय चाललंय?" बाहेरून रावजींचा आवाज आला. "ती टेपवाली पण हाय वाटतं. बसा, बसा. मी सायबालाच घेऊन येतो. सरकारी खोलीत काय भरून घेतलं ते समद्यांनाच ऐकू द्या."

पावलं लांब गेली. मालनबाईंनी कपाळावर हात मारला. "गेला माझा मळा. आता नाव लावतोय व्हय त्यो!"

यशश्रीचं बोट माझ्या एका बटणावरून दुसऱ्यावर जात होतं. फीत लपवली, तर रावजी झडती मागणार. फाडली, तर काहीतरी होतं हे आपोआपच कबूल झालं. राहिला एकच उपाय. मित्रांनो, आमची फीत पाटीसारखी एका फटक्यात पुसता येत नाही. तिच्यावर नवं बोलणं भरलं, तरच जुनं जातं. आणि जेवढा वेळ ते बोलायला लागला, तेवढाच पुसायला लागतो. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता.

यशश्रीनं फीत मागं घेतली. ज्या बोलण्यासाठी ती इतके महिने एसटीचे धक्के खात होती, त्याच्यावरच तिनं माझं भरायचं बटण दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, काहीही बोला. माळ कशी ओवता ते सांगा."

मालनबाईंनी पदर सावरला. "झेंडू सकाळी दव असताना तोडायचा नाय. ओला झेंडू काळा पडतो..." त्या सांगत गेल्या आणि मी त्यांच्याच आवाजावर त्यांचाच आवाज भरत गेलो. चादर गेली, हार गेला, जिल्ह्याची गाडी गेली. साडूचं दुकान अजून बाकी होतं.

यशश्रीनं मला बंद केलं तोच दार उघडलं. नायब तहसीलदार साहेब आणि त्यांच्यामागे रावजी, दोघंही अनवाणी.

"वाजवा," साहेब म्हणाले.

रावजींचं बोट थेट माझ्या बटणाकडे आलं. त्यांनी ते तिथंच दाबलं असतं, तर पुढचा शब्द त्यांच्या साडूचाच निघाला असता. "थांबा!" यशश्रीनं मला जवळ ओढलं. "सुरुवातीपासून ऐका ना." तिनं फीत मागं नेली आणि मला सुरू केलं.

मालनबाई माझ्यातून झेंडूबद्दल बोलू लागल्या. साहेबांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. रावजींची झाली नाही. ते कान देऊन ऐकत होते. माळ पुढं सरकत होती आणि ती कुठं संपते ते मलाच ठाऊक होतं. दोरा ओवून झाला. पानं लावून झाली. आता गाठ मारायची आणि मग... मी मनातल्या मनात माझ्या नव्या पट्ट्याला म्हणत होतो, तूट बाबा, आत्ता तूट. तो तुटेना. सातपूरचं काम पक्कं होतं.

पण व्हरांड्यातल्या बायकांनी यंत्रातून आलेला मालनबाईंचा आवाज ऐकला होता. एरवी बंद असणारं दार सताड उघडं होतं आणि साहेब स्वतः आत उभे होते. पहिल्यांदा वत्सलाबाई चपला काढून आत आल्या, त्यांच्यामागे चिमणाबाई, आणि मग रांगच्या रांग.

"आमचं बी भरून घ्या की!" चिमणाबाई म्हणाल्या.

"ते ऱ्हाऊ द्या," वत्सलाबाईंनी त्यांना मागं सारलं. "सायेब, तुमी हितं हायतच तर एक सांगा. ही मशीन चालू हाय का बंद? आमाला रोज बंद म्हणत्यात आन् समोरच्या दुकानात धाडत्यात."

"कुठलं दुकान?" साहेबांनी विचारलं आणि नीट ऐकू यावं म्हणून मला खट्कन बंद केलं. गाठ मारून झाली होती. पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता.

सगळ्या बायका एकदमच बोलू लागल्या. कोण काय म्हणतं ते कळेना, पण दुकान मात्र प्रत्येकीच्या तोंडी होतं. साहेबांनी छायाकडे पाहिलं. गर्दी बघून ती हातातला डबा तसाच घेऊन दारात आली होती. "संगणक चालू आहे की नाही?" छायानं रावजींकडे एकदा पाहिलं. तिची नोकरी कंत्राटाची होती. ती पुढं आली, चादर ओढून बाजूला टाकली आणि बटण दाबलं. पडदा उजळला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतारे निघत राहिले. रावजी खोलीबाहेर उभे होते आणि त्यांच्या पायांशी चपलांचा एवढा ढीग पडला होता की पिवळ्या दोऱ्याची चप्पल त्यात शोधूनही सापडली नसती. पुढं त्यांची बदली झाली. मालनबाईंचं आणि मुलींचं नाव सातबाऱ्यावर लागलं. दसऱ्याला त्या आमच्या घरी एक मोठा हार घेऊन आल्या आणि त्यांनी तो चक्क माझ्या गळ्यात घातला. त्यावेळी दाराशी त्यांच्या चपला मी पाहिल्या. आता मला संगणकाचा हेवा वाटत नाही.

यशश्रीचा प्रबंध पूर्ण झाला. सरांनी विचारलं, "ती ध्वनिफीत कुठं आहे? पुरावा लागेल." ती म्हणाली, "पुसली, सर." उरलेला तुकडाही तिनं घरी येऊन पुसला होता. सरांनी मान हलवली आणि पान उलटलं. कचेरीवरच्या त्या प्रकरणाला परीक्षकांनी इतर प्रकरणांपेक्षा कमी मोल दिलं, हे मी ऐकलं आहे. तिनं त्याची खंत कधी बोलून दाखवली नाही.

आता यशश्री स्वतः मुलांना संशोधन शिकवते आणि मी तिच्या कपाटात असतो. लोकांना बोलतं करायला मुलं पहिल्यांदा बाहेर निघाली, की ती मला खाली काढते आणि ती फीत लावते. त्या फितीत झेंडूची माळ आहे, मग लांबच लांब शांतता, आणि अगदी शेवटी तिनं मुद्दाम न पुसलेले दोन शब्द.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, सेल काढून ठेवा, एवढं मागणं तर आहेच. पण कुणी विश्वासानं तुमच्यापाशी बोलायला बसलं, तर दार लावण्याआधी एकदा बाहेर नजर टाका. आणि विसरलात, तर मी आहेच. माझं बटण दाबा. मालनबाई अजूनही कुजबुजतात, "ताई, चपला!"