मकेरिताची चटई

शनिवारी सकाळी तिरेसा दात घासत पडवीत आली आणि ब्रश तोंडातच राहिला. पाद्र्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर, दवात, केवड्याच्या पानांची बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून दोघीजणी बसल्या होत्या. चटईखालून शाळेचा एक झिजलेला बूट बाहेर आला होता. तो लुपेचा होता.

इफोगा! मांगेरे उपनगरातले सामोअन लोक या माफीला उगाच बसत नाहीत. खून, अपघात असलं काही झालं तर गुन्हेगाराच्या घरचे असे येऊन बसतात, आणि समोरच्याने माफ करून चटई उचलेपर्यंत हलत नाहीत. इथे गुन्हा काय, तर तेरा वर्षांच्या लुपेने रविवारी भर चर्चमध्ये पाद्र्याच्या मुलीला, म्हणजे तिरेसाला, खोटारडी म्हटलं होतं.

आणि पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिरेसा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. शाळा कायमची सुटायच्या बेतात असलेल्या मुलांना शिकवायला विद्यापीठाने एकेक विद्यार्थी जोडून दिला होता. दर बुधवारी चार ते पाच, शाळेच्या वाचनालयात. तिरेसाच्या वाट्याला लुपे आली. ती सतत शाळा बुडवायची. या बुधवारांसाठी ती यायला लागली. मग तिरेसाच्या नेटबॉलच्या मॅचेस सुरू झाल्या. तिने तीन बुधवार दांडी मारली, आणि हजेरीच्या कागदावर मात्र ‘भेटलो, अपूर्णांक घेतले’ असं वळणदार अक्षरात लिहून दिलं. एवढं कोण बघतंय!

मकेरिताने, लुपेच्या आईने, बघितलं. लेक सांगत होती की ताई आली नाही, आणि शाळेने दाखवलेला कागद सांगत होता की आली. पाद्र्याच्या मुलीने लिहिलेलं खोटं कसं असेल? म्हणजे लेकच कुठेतरी उंडारत होती. ती लुपेला बोल बोल बोलली, आणि ते सगळं रविवारी चर्चमध्ये फुटलं.

हे तिरेसाला रविवारपासून ठाऊक होतं. सहा दिवस ती मूग गिळून बसली होती.

“अरे देवा, मकेरिता! एवढ्याशा पोरीच्या बोलण्यासाठी?” बाबा लुंगी सावरत बाहेर आले.

“एवढंसं कसं, पाद्रीबाबा? तुमच्या घराच्या नावाला बट्टा लावला कार्टीने.” चटईखालून मकेरिताचा आवाज आला. “बोल गं. सांग.”

“मी खोटं बोलले,” लुपे म्हणाली. अगदी सपाट आवाजात.

बाबा चटई उचलायला वाकले. तिरेसाला वाटलं, आपण आत पळून जावं आणि पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये. आता नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं.

“बाबा, थांबा. ती खरं बोलत होती. मी गेलेच नव्हते. तीन बुधवार. कागद मी खोटा भरला.”

बाबा तसेच वाकलेले राहिले.

मकेरिताने चटई बाजूला सारली आणि ती ओल्या डोळ्यांनी हसली. “पाहिलंस, लुपे? किती मोठं मन! तुला वाचवायला स्वतःवर घेतेय. शीक काहीतरी.”

“नाही हो मावशी! खरंच!”

“असू दे बाळा, असू दे.”

लुपेने तिरेसाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला हेच होणार हे आधीच माहीत होतं, एवढंच त्यात दिसत होतं.

तिरेसाने मकेरिताच्या हातातून चटई ओढून घेतली. लुपेसमोर ओल्या गवतात मांडी घातली आणि चटई डोक्यावरून घेतली.

“अगं, हे काय! पाद्रीबाबा, उठवा तिला!” मकेरिता कळवळली. मग एकाएकी थबकली. “म्हणजे... लुपे खरं सांगत होती?”

“कुणी हात लावू नका,” बाबा म्हणाले. “उचलायची तर लुपे उचलेल.”

आत अंधार होता आणि सुकल्या पानांचा वास होता. लाजेने तिरेसाचे कान तापले होते. बुटांची पावलं जवळ येऊन थांबली.

“ताई, मी दर वेळी पाच वाजेपर्यंत बसले होते,” लुपे म्हणाली. “आता तू बस.”