नकाशातले दिवे

आमच्या चौथीच्या मुलांना चित्र काढायला सांगितलं की दोन डोंगर येतात, मधून सूर्य येतो, खाली नदी आणि नदीकाठी लाल कौलांचं घर. आमच्या गावात डोंगर नाही, नदी नाही, कौलंही आता शोधावी लागतात. तरी दरवर्षी तेच. त्या डोंगरांनी माझं डोकं उठवलं होतं.

म्हणून यंदा परिसर अभ्यासाच्या तासाला मी पुस्तक मिटलं आणि वर्गाच्या फरशीवर कागद पसरले. "शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता काढा. पट्टी नाही, खोडरबर नाही. जिथे चालून कंटाळा येतो तिथे रस्ता लांब काढा, जिथे मजा येते तिथे रंग जास्त भरा."

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. "हा परिसर अभ्यास आहे की चित्रकला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"तपासणीला साहेब यायचेत. त्यांना पटलं तर चालू द्या. नाही पटलं तर धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं उतरवून द्यायची. मग मला रंगबिंग दिसायला नकोत."

झालं. माझा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

वर्गात एक बारकीशी मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत, पण चिवचिवाट करते म्हणून नाही. तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. तिने शाळा काढली, कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान काढलं आणि मग काढायला घेतली एक करडी भिंत. भिंत काढता काढता कागद संपला. तिने दुसरा मागून घेतला, चिकटवला, तोही संपला. घर आलं ते तिसऱ्या कागदाच्या टोकाला, काडेपेटीएवढं.

"ए चिमणे, तुझी भिंत कुठे चाललीय?" मुलं हसायला लागली.

"ती तेवढीच आहे," चिमणी म्हणाली. "कारखान्याची आहे. तिला दार नाही, दुकान नाही, काहीच नाही. दिवा पण नाही. थंडीत शाळा सुटते ना, तेव्हा तिथे अंधार झालेला असतो. आई कामावर असते. मग मी मोठ्याने पाढे म्हणत पळते."

हसणारी मुलं त्या कागदांवर वाकली. मग एकाने विचारलं, "पण मग दिवे लावायचे कोणी?" आणि जी काही जुंपली! एक म्हणे कारखान्याने, दुसरा म्हणे नगरपालिकेने, तिसरा म्हणे आपल्या बाईंनी. पुस्तकात नगरपालिकेची कामं मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. मुलं ती घडाघडा पाठ म्हणायची आणि पेपर झाला की विसरायची. त्या तासाला कुणी विसरण्यातलं नव्हतं. शेवटी ठरलं की सगळ्यांचे कागद जोडून एक मोठा नकाशा करायचा, आणि साहेब आले की त्यांनाच विचारायचं. विचारणार चिमणी. ती मधल्या सुट्टीत खिडकीशी उभी राहून घोकायची, "साहेब, या भिंतीला दिवे कोण लावणार?"

मला काय आनंद झाला होता! घरी भाजी निवडताना सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते दिवे लागतील तेव्हा लागतील. आधी देठं भाजीत टाकत्येस ते बघ."

तपासणीच्या दिवशी सकाळी नकाशा लावायला शाळेच्या मोठ्या दालनात गेले आणि कपाळाला हात लावला.

नकाशा भिंतीवर लागला होता, पण आमचा नव्हता. रस्ते सरळ. घरं सगळी एका मापाची, लाल कौलांची. वरच्या कोपऱ्यात, होय, दोन डोंगर आणि मधून सूर्य. चिमणीचे जोडलेले कागद कापून टाकलेले. राहिलेल्या वीतभर भिंतीवर हिरवी वेल चढवली होती, आणि वेलीच्या वर, सारख्या अंतरावर, पिवळेधमक दिवे.

शेजारी आमचे चित्रकलेचे सर ब्रश पुसत उभे. मुलं त्यांना पट्टी सर म्हणतात. माणूस स्वभावाने इतका चांगला, की त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

"सर, हे काय केलंत?"

"काल शाळा सुटल्यावर बसलो. अहो, चौकटीत मावत नव्हतं. आणि ती भिंत नुसती रिकामी रिकामी वाटत होती. म्हटलं, साहेबांसमोर तुमचं हसं व्हायला नको." आणि वर ते माझ्या आभाराची वाट बघत थांबले.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय आणि कधी? साहेब फाटकातून आत येत होते.

साहेब नकाशापुढे थांबले, चष्मा वर केला. "वा! टापटीप आहे. कोणाचं घर कुठलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणालाच आपलं घर सापडेना. मी चिमणीला हळूच पुढे केलं. "हिला तुम्हाला काहीतरी विचारायचंय, साहेब."

"विचार, बाळ."

चिमणीने नकाशाकडे पाहिलं. दिव्यांकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवली. नाही.

"साहेब," मीच म्हणाले, "त्या भिंतीला खरं तर दिवे नाहीत. मुलांचा प्रश्नच तो आहे, की—"

"नसतील. पण चित्रात आहेत ना? मुलांची दृष्टी कशी आशावादी आहे बघा!" साहेबांनी चिमणीच्या डोक्यावर थोपटलं. "हा उपक्रम सगळ्या शाळांना दाखवू. अगदी अस्साच करायला सांगू."

मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला रंग मिळाले होते, वर्षभरासाठी, डोंगरांसकट. सगळे चहाला गेले. मला रडू येत होतं, आणि रडूपेक्षा जास्त राग.

संध्याकाळी मी चिमणीबरोबर तिच्या घराकडे निघाले. सायकलचं दुकान मागे पडलं आणि भिंत सुरू झाली. खरंच, दार नाही, दुकान नाही. अंधार भराभर उतरत होता. बरंच चाललो तरी भिंत आपली शेजारी आहेच.

"का नाही विचारलंस गं?" माझा आवाज जरा चढलाच.

"कसं विचारू, बाई? तिथे तर होते ना दिवे. सरांनी काढलेत म्हणजे..." ती अडखळली. "मोठ्यांना माहीत असतं ना. मला वाटलं, माझंच चुकलं."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं.

थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. भिंतीवर हात ठेवून, मान वर करून बघत राहिली.

"बाई, सरांचा पहिला दिवा इथे येतो."

मी वर पाहिलं. मग खाली पाहिलं, तर मला तिचा चेहराही दिसेना. तिने माझा हात धरला आणि मोठ्याने बेचा पाढा सुरू केला.