उशिरा आलेला हात

टप्... सिंकमध्ये पालथ्या पडलेल्या वाटीवर नळाचा थेंब पडला आणि तिचं बोट कीबोर्डच्या कळीवर तसंच थांबलं. वाटी उचलावी का? उचलायला गेलं तर खुर्ची करकरणार, खुर्ची करकरली की आतली मुंगी उठणार — मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची लेक — आणि मुंगी उठली की तीनपर्यंत फाइल जाणं विसराच...

काम तसं साधं. माहितीपटातल्या माणसाचे ओठ उघडले की कळ दाबायची, म्हणजे त्याचं वाक्य नेमकं त्या क्षणी खाली उमटतं. डावीकडच्या पडद्यावर वाक्यांची यादी, उजवीकडच्या पडद्यावर तो माणूस. मुलीच्या जन्माआधी हे ती गाणं गुणगुणत करायची. आता लेक झोपते म्हणून आवाज बंद, तिची चाहूल लागावी म्हणून हेडफोनही नाही, सगळी भिस्त ओठांवर. आणि काल संपादकबाईंचा फोन —

"अगं, सगळी वाक्यं मागून येतायत. माणूस बोलून गप्प बसतो, मग खाली अक्षरं! तुझा हात असा नव्हता गं."

"सवय मोडलीय थोडी. होईल बाई."

"उद्या तीनला शेवटची फाइल बघते. आणि नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. पोर लहान आहे तुझी."

तो समजूतदारपणाच जास्त लागला. बारशाला आत्या म्हणाली होती, मूल झालं की बाईचं डोकं चार वर्षं सुट्टीवर जातं, आणि सगळ्याजणी खो खो हसल्या होत्या, तीही... चार वर्षं तर झाली. डोकं अजून रुजू झालं नाही की काय? सोमवारी कॉम्प्युटरने नवीन अपडेट मागितलं, तिने मुंगीला भरवता भरवता 'हो' दाबलं, आणि तेव्हापासून उजवीकडे गेलेला माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा वाटायचा — तेही तिने अपुऱ्या झोपेवर ढकललं. संपादकबाईंना ईमेल लिहून ठेवलंच होतं. 'मला जमेलसं वाटत नाही.' पाठवायचं तेवढं बाकी.

टप्.

"आई, नळ रडतोय."

झालं. मुंगी डोळे चोळत दारात उभी, एक वेणी सुटलेली.

"रडू दे. तू झोप ना गं थोडी."

"मला मी दाखव. मग झोपते."

सौदा महाग नव्हता. तिने मांडीवर घेऊन कॅमेरा लावला. कॅमेऱ्याची खिडकी नेमकी दोन पडद्यांच्या मधोमध उघडली — अर्धी मुंगी डाव्या पडद्यावर, अर्धी उजव्या. मुंगी खूश होऊन मान हलवू लागली, मग दोन्ही हात पसरले आणि टाळी वाजवली.

डावीकडचा हात मध्यावर आला. आणि थांबून राहिला. मग, पाहुण्यासारखा सावकाश, उजवीकडचा आला.

"पुन्हा वाजव."

"गंमत आहे ना?"

"वाजव गं, बाळा. पुन्हा."

पुन्हा तेच. दहा वेळा तेच, मुंगीचे तळवे लाल होईपर्यंत. कॉम्प्युटरला पडदा जोडायची एकच जागा म्हणून उजवा पडदा एका चपट्या डबीतून जोडलेला. नव्या अपडेटचं त्या डबीशी बिनसलं असणार... म्हणजे ओठ आधीच उघडलेले असायचे आणि मी त्यांची वाट बघत बसायचे. मी वेळेवरच होते. चार दिवस मी उशिरा आलेल्या चित्राला वेळेवर दाद देत होते आणि रात्री उशीत तोंड खुपसून — जाऊ दे.

तिने माहितीपटातल्या माणसाला डावीकडे ओढलं, यादी उजवीकडे सारली. यादी खुशाल रेंगाळू दे, तिला ओठ नाहीत. दोन वाजायला पाच मिनिटं होती. एक ओळ करून पाहिली: ओठ, कळ. पुन्हा ओठ, कळ. बोटांत काहीतरी जुनं, ओळखीचं हललं. सगळंच परत येईल असं नाही. थोडा उशीर खरोखरच आपलाही असेल. पण तो केवढा, हे आता बघता येईल. न पाठवलेलं ईमेल तिथेच होतं. ते आज दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं दिसलं.

मुंगीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, तो हात येत नव्हता, तेवढा वेळ तो कुठे होता?"