नवरदेवाचे मामा: कोणी नाही

बजाजनगरात पिठाच्या गिरणीच्या वर एक जिना जातो. त्याच्या पायऱ्यांवर रोज सकाळी पांढरी पावलं उमटलेली असतात, सगळी वर जाणारी.

आवडाबाईंना बुंदी चालत नाही. बालूशाही चालते, पण मागावी लागली तर तीही चालत नाही.

चितेगावच्या चौकात एक गाळा, शटर ओढलेलं. आत अजून काहीच नाही. मालकाच्या डोक्यात मात्र काचेची कपाटं आहेत, बाहेर औषधाच्या दुकानाची हिरवी खूण आहे आणि काउंटरमागं त्याची मुलगी उभी आहे.

हात मागं, तोंड बंद.

डब्यात भाजी होती. मग कुणीतरी त्यात वरण ओतलं.

पडेगावचं एक लॉन. माइकवाला विचारतोय, "नवरदेवाचे मामा?" आणि हातातल्या फोनवर बघून उत्तरही तोच देतोय.

हे सगळं एकाच मुलीच्या एकाच जून महिन्यात बसतं. तिचं नाव तनुजा.

जर

तनुजा बारावी आणि सीईटी देऊन मोकळी झाली होती, आणि मोकळी अजिबात नव्हती. रोज सकाळी ती गिरणीच्या वर असायची, सोमनाथ सरांच्या वर्गात. कॉलेजला जायच्या आधी पोरांना प्रोग्रॅम लिहिता यावा, एवढंच त्या वर्गाचं काम. सरांनी पुण्यात नोकरी केली, मग कंटाळून परत आले आणि इथं जुनी मशिनं मांडून बसले. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. सर म्हणायचे, "जमीन हलू द्या. तुम्ही नका हलू."

सरांचा एक नियम होता. प्रोग्रॅम घरातल्या खऱ्या कामाचा पाहिजे, आणि तयार झाला की तो अशा माणसाच्या हातात द्यायचा ज्याला कोडिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपण बाजूला उभं राहायचं. हात मागं, तोंड बंद. "अहो तिथं नका दाबू" एवढं जरी बोलावं लागलं तरी प्रोग्रॅम नापास.

तनुजाच्या घरात लग्न होतं. मोठा भाऊ कृष्णा आणि मामाची संस्कृती. मामाची पोरगी करायची रीत त्यांच्यात इतकी जुनी, की तिच्याबद्दल कुणी वेगळं असं बोलतही नाही. बोलायचं ते मानपानाबद्दल. कुणाला स्टेजवर बोलावलं नाही, कुणाला टॉवेल-टोपी उशिरा मिळाली, कुणाचं नाव माइकवर घेताना "राव" राहून गेलं. प्रत्येक लग्नात कुणीतरी न जेवता निघून जायचं आणि पुढची कितीतरी वर्षं ते सगळ्यांना पुरायचं.

तिनं ठरवलं, रुसव्यावर प्रोग्रॅम लिहायचा. प्रत्येक पाहुण्याचं नाव, त्याचं नातं आणि नात्याप्रमाणं त्याचं काम नि त्याचा मान. माइकवाल्यानं फोनवर फक्त "पुढं" दाबायचं. पुढचं नाव येईल.

वडलांनी ऐकून घेतलं. गोकुळ वाळूजच्या एका कंपनीत पार्ट तपासायच्या टेबलावर होता. घरातही तो कप उचलला की आधी बूड बघायचा.

"फार्मसी कर, म्हणलं तुला," तो म्हणाला. "गाळा घेऊन ठेवलाय. आपलं दुकान, आपली सावली. तू म्हणती कॉम्प्युटर."

"व्हय."

"मग चालवून दाखव ते लग्नात. एक बी माणूस रुसला नाय पाहिजे. रुसला तर फॉर्ममधी फार्मसी."

"अन नाय रुसला तर?"

"नाय रुसला तर मला बी बघायचंय असलं लग्न."

"म्हंजी कॉम्प्युटर. आई, ऐकलं का?"

सखूबाई, तिची आई, पोह्यांवर कोथिंबीर टाकत होती. "मी नाय साक्षीला. माझ्याच भावाच्या घरचं लग्न. रुसायचं असलं तर मला बी मोकळीक पाहिजे."

तर

बन्सीकाका त्यांच्या भावकीतल्या सगळ्या लग्नांचा माइकवाला. आवाज असा, की शेजारच्या लॉनमधले लोक उठून उभे राहायचे. त्यांनी तनुजाचा फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"एवढंच दाबायचं?"

तनुजानं मान हलवली. हात मागं बांधले. शेजारी सुकेशनी, वर्गात एकाच मशिनवर बसणारी तिची मैत्रीण, लग्नाचा मसालेभात सोडायचा नाही म्हणून आलेली. ती कानात म्हणाली, "हात लई मागं नको घेऊ, चोर धरल्यावाणी दिसतंय."

काकांनी दाबलं. अंतरपाट कुणी धरायचा ते आलं. दोघं धावत आले, खूश झाले, कारण त्यांना कुणी कधी बोलवत नसे. पुन्हा दाबलं. कऱ्हा घेऊन उभी राहणारी करवली. पुन्हा दाबलं. नवरीला घेऊन येणारे तिचे मामा. सगळं जागच्या जागी पडत होतं. तनुजानं वडलांकडं पाहिलं. गोकुळ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, टेबलावर पार्ट फिरवून बघावा तसं सगळं बघत.

संस्कृती अंतरपाटाच्या पलीकडं येऊन उभी राहिली. कृष्णा अलीकडं. त्याच्या पाठीमागची जागा मामाची.

काकांनी दाबलं आणि भरल्या आवाजात वाचलं, "नवरदेवाचे मामा. कोणी नाही."

नाहीतर

(तीन आठवडे मागं, गिरणीच्या वर.)

सोमनाथ सरांनी जेवणाचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. झाकणावर खडूनं एक नाव लिहिलं.

"नावावरून वस्तू शोधायची तर अशी ठेवायची. नावाचा एक डबा. डब्यात काय?"

"भाजी," पोरं म्हणाली. डबा उघडाच होता.

"आता ह्याच नावाच्या डब्यात मी वरण ठेवलं. भाजी कुठं गेली?"

"वरणात, सर," सुकेशनी म्हणाली.

वर्ग हसला. सरही हसले. "आपल्या डब्यात वरणात. मशीनच्या डब्यात भाजी गेली. पुसली. आणि मशीन सांगत पण नाही की इथं आधी भाजी होती. ते समजतं, तुमचं मन बदललं."

"मग दोन्ही पाहिजे असलं तर?"

"तर डब्यात आधी दोन वाट्या ठेवायच्या. पण ते तुम्हाला आधी कळायला पाहिजे, की ह्या माणसाला दोन्ही लागतात."

तनुजानं ते ऐकलं होतं. समजलंही होतं. तिच्या ओळखीचं असं माणूस तिला त्या क्षणी एकही आठवलं नाही.

चूक

मांडवात आधी खसखस पिकली, मग एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, जित्या माणसाला खोडलं की."

सखूबाई पुढं आल्या. "बन्सीभाऊ, काय वाचलं तुम्ही? माझा सख्खा भाऊ हितं उभाय अन कोणी नाय?"

"वहिनी, मी नाय बोललो. ह्यात लिहिलंय."

रामप्रसादमामा खरंच तिथंच उभे होते. नवरीचे वडील म्हणून, डोक्याला फेटा, अंतरपाटाच्या पलीकडच्या बाजूला. त्यांनी एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा भाच्याकडं, आणि पायाजवळच्या अक्षतांकडं बघत राहिले.

तनुजाला घाम फुटला नाही. ह्याचं तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. ती चूक शोधायला लागली, आणि लोकांचा गलका गिरणीच्या आवाजासारखा खाली राहिला. नवरदेवाकडची नावं तिनं आधी भरली होती. त्यात रामप्रसाद, मामा. मग नवरीकडची भरली. त्यात रामप्रसाद, वडील. एकच डबा. मामा भाजी होते. वर वरण पडलं.

आणि मामा सापडला नाही तर "कोणी नाही" असं दाखवायचं, हे तिनंच लिहिलं होतं, अगदी नम्रपणे.

"हात मागं," सुकेशनी पुटपुटली.

"वर्ग नाय हा," तनुजा म्हणाली आणि स्टेजवर चढली. तिनं काकांच्या एका हातातून फोन घेतला आणि दुसऱ्यातून माइक.

"मामा दोन्हीकडचे हायेत," ती माइकवर म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "नवरदेवाचे मामा बी तेच अन नवरीचे वडील बी तेच. मी त्यांना एकच जागा दिली. काकांची चूक नाय. माझी हाय."

"मग आता एका माणसानं दोन्हीकडं कसं उभं राहायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"अंतरपाटाच्या वक्ताला बापाला काय काम असतं?"

लोकांनी विचार केला. काही काम नसतं. बाप नुसता इकडंतिकडं बघत असतो.

"अन मामाला असतं. मामा, इकडं या."

रामप्रसाद अंतरपाटाला वळसा घालून आले आणि कृष्णाच्या मागं उभे राहिले. जाता जाता भाचीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण तिचं डोकं फोनमध्ये होतं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. तनुजा स्टेजच्या कडेला खाली बसली आणि अंगठ्यांनी लिहीत सुटली. प्रत्येक नावाच्या डब्यात दोन वाट्या. पहिलं पुसू नको, शेजारी ठेव.

पडद्यापलीकडून संस्कृतीचा आवाज आला, बारीक. "तनू, झालं का? हार जड झालाय."

"तुझा हार माझ्या प्रोग्रॅममधी नाय," तनुजा वर न बघता म्हणाली.

अंतरपाट खाली आला तेव्हा फोन परत काकांच्या हातात होता, आणि तिचे हात मागं.

पुन्हा, पुन्हा

मानाचे आहेर सुरू झाले. प्रोग्रॅम आता कुणाचंच नातं पुसत नव्हता. काकांनी वाचलं, "नवरदेवाचे मामा, रामप्रसादराव." फेटा उतरवून टॉवेल-टोपी झाली. मध्ये चार नावं गेली. मग, "नवरीचे वडील, रामप्रसादराव." ते डोक्यावर पहिली टोपी तशीच ठेवून आले. दुसरी तिच्यावर बसली. ह्या वेळी मांडव हसला तो त्यांच्याबरोबर.

"नवरदेवाची आई, सखूबाई." साडी. "नवरीची आत्या, सखूबाई." साडी. सखूबाईंनी दुसरी साडी नको नको म्हणत घेतली आणि काठ बघून ठेवली.

मग आवडाबाई उठल्या. गोकुळची आत्या, सगळ्यात वडील बाई. त्यांना एक साडी मिळाली होती.

"बन्सी, माझं दुसरं वाच."

"दुसरं नाय इथं, आत्या."

"कसं नाय? नवरीच्या आईची मावशी माझी जाऊ लागते. मी बी दोन्हीकडची."

काकांनी फोनकडं पाहिलं. तनुजाकडं पाहिलं. तनुजाचं तोंड बंद.

"नाय म्हणतंय हे."

"मग त्याला म्हणावं, जेव तूच," आवडाबाई म्हणाल्या आणि पंगतीकडं पाठ करून खुर्ची फिरवून बसल्या.

गोकुळ खांब सोडून आला. सावकाश आला, कारण त्याला जे बोलायचं होतं ते त्याच्याजवळ पक्कं होतं.

"एक रुसली."

"व्हय," तनुजा म्हणाली.

"ठरलं होतं आपलं."

"पप्पा, मामांचं झालं ती चूक होती. मी सांगितलं होतं प्रत्येकाला त्याचा मान मिळल, अन मिळाला नाय. आजीचं चूक नाय. ती नवी मागणी हाय. त्यांनी ते नातं सांगितलंच आत्ता."

"शब्द फिरवू नको."

"तुम्ही सांगा. तुमच्या टेबलावर पार्ट आला, मापात बरोबर. अन गिऱ्हाईक म्हणलं, मला ह्याला आणखी एक भोक पाहिजे. तर तुम्ही तो नापास करता?"

गोकुळच्या तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"मामांची चूक कुणी पकडली?"

"वाचली काकांनी. पकडली मी."

"दुरुस्त?"

"मीच."

"अन लाइन थांबली का?"

"मंगलाष्टकं चालू होती."

"मामा रुसला आसंल मनात."

रामप्रसाद मागंच उभे होते, दोन टोप्या घालून. "रुसायला वेळ पाहिजे ना दाजी. इकडं मामा, तिकडं बाप. सकाळपासून बुड टेकलं नाय."

गोकुळ हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली, आणि तनुजाला ठाऊक होतं की हसू लपवायची त्याची हीच तऱ्हा. "आमच्याकडं नवी मागणी आली," तो म्हणाला, "की ज्यानं पार्ट काढला त्यालाच गिऱ्हाइकाकडं धाडतात. जा. आत्याला जेवायला उठव. मग बघू."

तनुजा आवडाबाईंच्या समोर जमिनीवर बसली. फोन उघडा, अंगठे तयार.

"आजी, पहिल्यापासून सांगा. तुमची जाऊ कुणाची मुलगी?"

आवडाबाईंनी खुर्ची तसूभर वळवली. सांगायला लागल्या. तीन गावं मध्ये आली, एक दत्तक गेलेला माणूस आला, एक बाई दोनदा आली. तनुजानं एकदाही "थांबा" म्हटलं नाही. शेवटी नातं खरंच लागलं, आणि तनुजाच्या ध्यानात आलं की ह्या बाईला दोन वाट्याही पुरायच्या नाहीत. किती वाट्या ते आधी ठरवायचंच नाही, असं लिहावं लागेल. ते कसं लिहायचं हे तिला बसल्या जागी दिसलं.

"बन्सीकाका," ती उठून म्हणाली, "आता दाबा."

काकांनी दाबलं, वाचलं, आणि आवडाबाई दुसरी साडी घेऊन पंगतीत बसल्या. बालूशाही त्यांनी मागितली नाही. तनुजानं न विचारता वाढली.

हात धुवायच्या नळापाशी गोकुळ तिच्या शेजारी उभा राहिला.

"कॉम्प्युटर भर," तो म्हणाला.

"अन गाळा?"

"गाळ्याला काय, उभाय तो. कुणी ना कुणी औषध विकलच तिथं."

"भाड्यानं द्या, पप्पा."

"ते बी तूच सांग आता."

"सांगितलं की."

फॉर्म निघाले तेव्हा पहिल्या पर्यायात तिनं कॉम्प्युटर भरलं. दुसऱ्यातही कॉम्प्युटरच, दुसऱ्या कॉलेजचं. फार्मसीचा फॉर्म उघडला नाही. सोमनाथ सरांनी रामप्रसादमामांचं नाव वर्गातल्या पाटीवर लिहून ठेवलं, आणि नव्या पोरांना ते मामा कोण आणि त्यांना दोन टोप्या का, हे शोधायला लावलं.

कृष्णाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात सरांनी हाच प्रोग्रॅम सुकेशनीच्या ताईच्या लग्नातली नावं घालून गिरणीवाल्याच्या हातात दिला होता, आणि तो एकही चूक न दाखवता पास झाला होता. ताईच्या लग्नात दोन्हीकडचं असं माणूस एकही नव्हतं.