वसईचा नकाशा आणि मी

मी कॅरम बोलतोय, गोडदेव गावातल्या हरिश्चंद्रच्या घरातला.

जवळच्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात माझी चौकट ठोकली गेली. हरिश्चंद्रने मला डोक्यावर घेऊन घरी आणलं तेव्हा त्याचा मुलगा अभिनव शाळेत होता. मग दर रविवारी जेवणं उरकली, की मी मधे आणि बापलेक दोन बाजूंना. हरिश्चंद्रचा तळवा माझ्यावरून फिरला, की मला बरं वाटायचं.

आता अभिनव कमावता झाला आणि घरात टेबलावर मांडायचे लढायांचे खेळ येऊ लागले. कुरियरवाल्याने बेल वाजवली, की हातातला चहा तसाच टाकून अभिनव दाराशी. खोका कानाशी धरून हलवतो, चिकटपट्टी सुरीने हळूच कापतो, आतला नवा वास घेतो. माझा वास कधी कुणी घेतला नाही. सून अनुष्काही पुठ्ठ्यातले घोडेस्वार आणि तोफा सुट्या करायला बसते.

"अभि, हळू. तोफ मोडशील."

मोडू दे, मी मनात म्हणायचो.

पण म्हातारा माझा होता. तो लांबूनच बघायचा. म्हणायचा, "ही कसली लढाई? तासभर नुसते नियम वाचताहेत."

आज वसईच्या मोहिमेचा खेळ आला. टेबलभर नकाशा पसरला. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे घोडबंदर आपलंच का रे?"

"आपलंच, बाबा. तो किल्ला तुम्ही राखायचा. बसा."

आणि तो बसला. कपाटाच्या कडेला उभ्या उभ्या मी ते पाहिलं.

थोड्या वेळाने त्याला आपली तुकडी पुढे न्यायची होती. बोटाने ढकलली, ती अडली. हात सवयीने कपाटातल्या माझ्या पावडरच्या डबीकडे गेला. त्याने नकाशातल्या खाडीवर चिमूटभर पावडर टाकली आणि तळवा फिरवला.

"बाबा, काय करताय हे? नवाकोरा नकाशा आहे."

"सरकत नव्हतं रे."

"सरकवायचं नसतं, उचलून ठेवायचं."

मी सुखावलो. हात अजून माझाच होता.

म्हातारा ओशाळला. "तुमचं चालू द्या," म्हणत उठला, मला काढलं, पुसलं आणि एकटाच खेळू लागला. मला हवं होतं ते हेच. पण नेम चुकत होता. डोळे माझ्यावर, कान टेबलाकडे.

तेवढ्यात अनुष्का म्हणाली, "बाबा, या ना. पावडर पुसली मी. तुमचा मुलगा घोडबंदर घ्यायला निघालाय आणि तिथे कुणीच नाही."

"घेतो कसा, बघतो," म्हणत तो गुडघ्यावर हात टेकून उठला. चेहरा पोरासारखा झाला होता.

आता तिकडे फासे पडताहेत, तिघं हसताहेत. जळतोय मी, खोटं कशाला सांगू? लढा, बाबांनो. फक्त माझ्यावरच्या सोंगट्या कुणी गोळा करू नका. डाव एकट्याचाच आहे. पुढची पाळीही त्याचीच.