कमरेचा अर्धा इंच

हेडक्लार्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला डॉक्टरांनी एकच अट घातली होती: आठ महिन्यांत बारा किलो उतरवा. तोवर जिना बंद. झोपायची खोली वर, त्यामुळे ते खाली, बायकोच्या शिवणकामाच्या दुकानात, बाकावर झोपत. वरचा पलंग अर्धा रिकामा राही. बाईंना ते सलत होतं, पण असलं काही बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. घोरणं ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही, एवढंच त्या म्हणत.

पहिल्या दोन महिन्यांत साडेतीन किलो गेले. मग काटा अडून बसला. दर रविवारी हेडक्लार्क त्यावर चढत, चष्मा काढून पुन्हा चढत, श्वास सोडून तिसऱ्यांदा चढत. काटा ढिम्म. मग दिवसभर घुम्यासारखं बसायचं आणि संध्याकाळी रागाच्या भरात बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचा. राग एका पुड्यात मावेना, तेव्हा बाईंनी काटा माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं की यापुढे निकाल पॅन्टवरून लावायचा.

आता पॅन्टने काय बोलायचं, हे शिवणारीच्या हातात. शिवणीच्या आत जादा कापड ठेवलेलं असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. शनिवारी दुपारी बाईंनी तिन्ही पॅन्टींच्या कमरेतून अर्धा अर्धा इंच माया सोडली. एकदाच, माणूस जरा उभारी धरेपर्यंत, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

रविवारी आरशासमोरून आवाज आला, "अगं, बोट जातंय आत." त्या दिवशी बिस्किटांचा पुडा फुटला नाही. पुढच्या शनिवारी बाईंनी हात आखडता घेतला, तर रविवारी चेहरा असा पडला, की सोमवारी त्या पुन्हा उसवायला बसल्या. माया संपली तेव्हा मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. इतकी सफाईदार, की त्यांना स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं आणि मग लाजही वाटली.

यशाने माणसाला वाचा फुटते. हेडक्लार्कांनी ऑफिसच्या फलकावर 'विषय: पोट कमी करणेबाबत' असं परिपत्रक लावलं. सकाळी पाऊण तास चालणे, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद, गोड फक्त डोळ्यांनी. सात जण नादी लागले. गुडघ्यामुळे हे गुरुजी स्वतः बागेच्या बाकावर बसून शिट्टी वाजवत आणि रेंगाळणाऱ्यांना चार शब्द सुनावत. येताना बेकरीत एक केक खात. सैल होत चाललेल्या कमरेला तेवढं बक्षीस हवंच, असा त्यांचा हिशेब होता.

आठवा महिना भरला. डॉक्टरांच्या काट्यावर गेलेले साडेतीन किलो हजर झाले, वर आणखी दोघांना सोबत घेऊन. हा काटा शेवटचा कधी तपासलाय, असं हेडक्लार्कांनी नर्सला विचारलं. ती स्वतः चढली, आकडा पाहिला, मान हलवून उतरली. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि सहा महिन्यांनी या म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बाईंनी सगळं सांगून टाकलं. अर्धे इंच, पट्टी, सगळं. पदरी काय पडेल ते पडो, पण आणखी सहा महिने उसवत बसायची त्यांची तयारी नव्हती.

हेडक्लार्कांनी हात मागे नेऊन कमरेची पट्टी चाचपली.

"म्हणजे मी एक इंचही कमी झालो नाही?"

"वाढलात. चार इंच."

"आणि ते सात जण? त्यांच्या पॅन्टी पण तूच..."

"मी कशाला? ते खरंच उतरले. तुमचा कॅशियर तर ओळखू येत नाही."

बाई रागाची वाट बघत होत्या, निदान रुसव्याची तरी. पण हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं.

"म्हणजे पद्धत बरोबर आहे," ते म्हणाले.

"पद्धत बरोबर आहे हो. तुम्ही ती एक दिवस तरी पाळलीत का?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग घसा साफ करून आवाज खाली आणला.

"उद्यापासून करून बघतो म्हणतो. हळूहळू चालेन, सगळ्यांच्या मागे. पण ऑफिसात कुणाला कळता कामा नये."


"काय कळता कामा नये?"

"की मी नवीन आहे."